आधी बटनांना नावं द्या

मला दिसत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. नाही सांगितलं तर लोकांना मधेच कुठेतरी कळतं, मग त्यांचा आवाज मऊ होतो, आणि मऊ आवाजाची मला चीड आहे. जन्मापासूनच दिसत नाही, त्यामुळे काही हरवल्याचं दुःखही नाही. मराठीत आंधळ्यांवर म्हणी मात्र भरपूर. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आंधळ्याच्या गाई देव राखतो. यातली एकही म्हण आंधळ्याने केलेली नसावी. माझ्या गाई मी स्वतः राखते.

नाव रत्नमाला भैय्यालाल मेश्राम. साकोलीला झाडी धान उत्पादक महासंघाचं केंद्र आहे, तिथे मी ऑपरेटर. शेतकऱ्याला महासंघाला धान द्यायचं तर आधी नोंदणी करावी लागते. तो माझ्या टेबलापाशी येतो, नाव, गाव, गट नंबर, धान किती जागेत लावलं ते सांगतो, आणि मी ते संगणकात टाकते. माझ्या संगणकात एक बाई बोलते. म्हणजे पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, पण आवाज बाईचा, म्हणून सगळं ऑफिस तिला बाईच म्हणतं. बाई म्हणाली, "शेतकऱ्याचे नाव, लिहा," की मी नाव लिहायची. बाई म्हणाली, "गट क्रमांक, लिहा," की मी गट नंबर लिहायची. उंदराला, म्हणजे त्या माऊसला, मी हातही लावत नाही. सगळं काम कीबोर्डवर.

आणि मला एक सवय आहे. जे टाकते ते मोठ्याने बोलते. समोरचा ऐकतो, चूक असली तर तिथेच सांगतो. "ताई, बोडखे नाही, बोरकर." त्यामुळे माझ्या नोंदी परत येत नसत, आणि शेजारच्या टेबलावर डोळस ऑपरेटर रिकामा बसलेला असतानाही लोक माझ्या रांगेत उभे राहत. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. आहेच ती.

शेजारच्या टेबलावरचा डोळस म्हणजे जीवन कापगते. सिहोऱ्याकडून बदलून आलेला, स्वभावाने गरीब, टायपिंगने त्याहून गरीब. पण माणूस असा की माझ्या चहात साखर किती, हे चहावाल्याला विसरू देणार नाही.

आमच्या त्या सॉफ्टवेअरचं नाव धानकोठी. सगळे कोठीच म्हणत. खरिपाच्या नोंदणीचे ऐन दिवस, बाहेर अंगणात शेतकरी उभे, आणि एका सोमवारी सकाळी कोठी उघडली तर बाई म्हणाली, "बटन."

मी टॅब दाबलं. "बटन."

पुन्हा दाबलं. "बटन. चित्र. बटन. बटन."

मला वाटलं, बाईला काही झालं. संगणक बंद करून चालू केला. बाई ठणठणीत होती, तारीख, वार, वेळ सगळं सांगत होती. कोठीत शिरली की मात्र तिची वाचा बसायची. तेवढ्यात शेजारून जीवनचा आवाज आला.

"आयला, हे काय होय? रत्नमाला, तुया इथं कोठी दिसून राहिली का?"

"मले कधी दिसली होती?"

"तसं नाही वं. इथं सारं बदललं. अक्षरंच नाहीत. साऱ्या जागी चित्रं बसवली. हा झाडू होय का ब्रश, तेच समजत नाही."

असं कळलं की कंपनीने रविवारी कोठीचा चेहरा बदलला होता. कोणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. जुनी कोठी म्हणे म्हातारी दिसत होती. आता 'नोंद' असं जिथे लिहिलेलं होतं तिथे कागद-पेन्सिलीचं चित्र, 'जतन' होतं तिथे ढगाचं चित्र, आणि बाकी जागा मोकळी, दिसायला छान. जीवनने एक चित्र दाबून पाहिलं तर आत प्रिंटर सुरू झाला. विनोद साहेबांनी, म्हणजे आमच्या केंद्राच्या व्यवस्थापकांनी, दुसरं दाबलं तर उरलीसुरली अक्षरं हिंदीत गेली, ती संध्याकाळपर्यंत परत आली नाहीत. डोळसांचे हे हाल. चित्रांच्या मागे नावं लिहायचीच कंपनी विसरली होती, त्यामुळे बाईला वाचायला काही नव्हतं. बटन आहे एवढं तिला कळायचं. कशाचं, ते तिलाही कोणी सांगितलं नव्हतं.

मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाचा मुलगा.

"मॅडम, सिंपल आहे. उजवीकडच्या निळ्या गोलावर क्लिक करा."

"दादा, मला दिसत नाही. निळा म्हणजे कसा?"

तो समजावू लागला, "निळा म्हणजे... आकाशासारखा."

"बरं. आणि आकाशाला कीबोर्डवर कुठलं बटन आहे?"

त्याने फोन ठेवला नाही, हे त्याचं मोठेपण. "वरती कळवतो," म्हणाला. पुढे मी जितक्या वेळा फोन केला तितक्या वेळा कोणीतरी वरती कळवलं. वरती कोण बसतं कोण जाणे, त्याला ऐकू येत नसावं.

आठवडा गेला. मग विनोद साहेब माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. आवाज मऊ. मी लगेच सावध झाले.

"ताई, तुम्ही कायले त्रास करून घेता? आरामात बसा. फोन आला तं घ्या. पगार काही कुठं जात नाही."

"साहेब, मी बसायचा पगार घेत नाही."

"तसं नाही हो. तुमच्यासाठी म्हणून..."

"माझ्यासाठी करायचं असेल तर कंपनीला लिहा. बटनांना नावं द्या म्हणावं. मी खुर्ची गरम करायला आले नाही."

माणूस वाईट नव्हता, पण अशी चांगुलपणाची माणसंच आम्हाला कोपऱ्यात बसवतात. बाबांनी मला नागपूरच्या अंधशाळेत टाकलं तेव्हा वस्तीत कोणी म्हणालं होतं, पोरीला कायले दूर पाठवता, घरी बसून खाईल. बाबा शेतमजुरी करत. ते म्हणाले होते, "बसून खायाले का ती पाहुणी होय?" त्या एका वाक्यावर मी शिकले आणि नोकरीला लागले. मला खुर्ची हवी होती ती कामाची. पाहुणीची नको होती.

म्हणून मी टेबल सोडलं नाही. शेतकरी आला की मीच विचारायची, मोठ्याने बोलायची, आणि शेजारी जीवन टाकायचा. "नाव परसराम. गाव सानगडी. गट नंबर..." असं मी म्हणत जायची आणि तो चित्रं शोधत जायचा. रांग कशीबशी हलत होती. मी त्याला म्हणाले होते, "तुझ्या नावावर टाक. कोठी बोलायला लागली की माझं मी करीन." तो "हो" म्हणाला होता. त्या "हो"वर मी विश्वास ठेवला.

जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा कार्यालयातून फोन आला. विनोद साहेब फोन घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि ओरडलेच.

"रत्नमालाताई! जमलं म्हणून सांगतलं नाही! नव्या कोठीवर सगळ्यात जास्त नोंदी तुमच्या! जिल्ह्यात पहिल्या! मोठे साहेब शाल-श्रीफळ देऊन सत्कार करून राहिले तुमचा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे कान तयारीचे आहेत. त्या टाळ्यांत जीवनच्या टाळ्या नव्हत्या.

दुपारी त्याला मी पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "बोल."

"काय बोलू?"

"माझ्या नावावर कोणी नोंदी टाकल्या?"

बराच वेळ तो नळाची तोटी फिरवत राहिला. मग एकदम सगळं बोलला. मार्चमध्ये आमचे करार नवे होतात. ज्याच्या नावावर नोंदी कमी, त्याची गच्छंती. माझ्या नावावर शून्य दिसलं तर मला काढतील, म्हणून त्याने माझ्या नावाने कोठी उघडली. माझा पासवर्ड त्याला पाठच होता, कारण टाकताना मी तोही पुटपुटते. माझी सवय अशी माझ्याच अंगाशी आली.

"पण जिल्ह्यात पहिली कशी आले रे मी? एवढी रांग होती का आपली?"

"तेच तं सांगून राहिलो." त्याचा आवाज रडवेला झाला. "एक डाव तुया नावानं आत शिरलो, आन् मंग बाहेर पडायचं बटनच सापडलं नाही. मायं कामबी तुयाच नावावर पडत गेलं. दोघाचं मिळून पहिलं आलं."

"विचारायचं नाही का कोणाला?"

"काय विचारू? दुसऱ्याच्या नावानं शिरलो, आता बाहेर कसं निघू, असं विचारू?"

मला हसू आलं आणि तितकाच संतापही. माझ्यासाठी म्हणून केलं होतं त्याने. पण त्याचं काम माझ्या नावावर चढवून मी स्टेजवर शाल घ्यायची, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. मी जन्मात कोणाच्या बिळात शिरले नव्हते.

"घेऊन टाक वं शाल," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या नावानं कोठी उघडली म्हणून कळलं तं मले घरी बसवतील. तुयी नोकरी पक्की, माया नावाचं मी मार्चपर्यंत पाहून घेतो. कोणाचं काय जाते?"

खरंच, कोणाचं काय जात होतं?

घरी सांगितलं तर बाबांना केवढा आनंद झाला, तो कसा लिहू. लगेच बाहेर पडले आणि सगळ्या वस्तीला सांगून आले. भंडाऱ्याला जायला गाडी ठरवली. सुलोचनाबाई आत्या तिच्या गावाहून आली. "आमची रत्नमाला, जिल्ह्यात पहिली," हे बाबा फोनवर इतक्या लोकांना सांगत होते की मी कानात बोटं घालावी. त्या आवाजात काही मऊ नव्हतं, छाती भरून आलेला आवाज होता तो. तो ऐकला आणि मी ठरवलं, घेऊन टाकावी शाल.

सत्काराच्या आदल्या दिवशी गुड्डीचा फोन आला. गुड्डी माझ्याच शाळेची, माझ्या बरीच मागची. तिलाही दिसत नाही. ती पवनीच्या केंद्रावर नुकतीच लागली होती. तिची ती पहिलीच नोकरी.

"ताई, एक विचारू? तुले ते कसं जमलं?"

"काय?"

"नवी कोठी. मायी बाई तं नुसती बटन बटन करते. मी साहेबाले सांगतलं, का त्याले नावंच नाहीत. तं साहेब म्हणाले, साकोलीच्या रत्नमालाले जमते, जिल्ह्यात पहिली आली, तुलेच काहून जमत नाही? एक तारखेपर्यंत जमलं नाही तं दुसरा माणूस ठेवतो म्हणाले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सांग ना ताई. रोज प्रयत्न करून राहिली मी. मायंच काही चुकत असंन."

कोणाचं काय जात होतं, त्याचं उत्तर पवनीहून आलं होतं. तिची खुर्ची जात होती, आणि ती काढायला माझं नाव वापरलं जात होतं. त्याहून वाईट म्हणजे पोरीला वाटायला लागलं होतं की चूक तिची आहे. एकदा शाल माझ्या खांद्यावर पडली की त्या बटनांना कधीच नावं मिळणार नव्हती. कंपनी म्हणणार, आंधळी बाई पहिली आली, अजून काय पाहिजे?

"गुड्डी," मी म्हणाले, "तुझं काही चुकत नाही. मलाही जमलेलं नाही. उद्या भंडाऱ्याला ये."

मग जीवनला फोन लावला. "उद्या मी खरं सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही, मेले तरी."

तो म्हणाला, "मायं पोरगं पहिलीत आहे वं," आणि फोन ठेवला. रात्रभर ते वाक्य माझ्या कानात होतं. बाबांना मात्र मी काही सांगितलं नाही. त्यांचा सदरा इस्त्री करून खुंटीला लटकत होता, आत्या गाडीत कोण कुठे बसणार ते ठरवत होती.

भंडाऱ्याच्या सभागृहात सगळ्या केंद्रांचे ऑपरेटर आले होते. स्टेजवर मोठे साहेब श्यामराव, शेजारी कंपनीचा माणूस. श्यामराव साहेबांचं भाषण झालं. डोळे नसूनही, असं ते किती वेळा म्हणाले ते मोजायचं मी सोडून दिलं. कंपनीचा माणूस म्हणाला, कोठीचा नवा चेहरा सर्वांसाठी आहे, आणि रत्नमालाताई त्याचं जिवंत उदाहरण आहेत. टाळ्या. मला हाताला धरून पुढे नेलं. शाल उलगडल्याचा आवाज आला.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "सत्कार कामाचा आहे ना? मग आधी काम दाखवते."

लोकांना ते आवडलं. पुन्हा टाळ्या. ऑफिसचा लॅपटॉप मी पिशवीत घालून आणलाच होता. टेबलावर ठेवला, कोठी उघडली, आवाज पूर्ण वाढवला आणि माईक त्याच्या तोंडाशी धरला. आता बाईचा आवाज सगळ्या सभागृहात घुमणार होता.

"बटन," बाई म्हणाली.

मी टॅब दाबलं.

"बटन. बटन. चित्र. बटन."

मागे कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मी टॅब दाबत राहिले. "बटन. बटन. बटन." हसणं कमी होत गेलं. मी थांबले नाही. शेवटी एवढ्या मोठ्या सभागृहात बाई एकटीच बोलत होती, आणि तिच्याजवळ एकच शब्द होता.

"साहेब," मी म्हणाले, "डोळे मिटा आणि सांगा, यातलं कोणतं दाबू?"

श्यामराव साहेब कंपनीच्या माणसाला हळूच काही विचारू लागले.

"मलाही माहीत नाही. नवी कोठी आल्यापासून मी तिच्यात एकही नोंद करू शकलेली नाही. जुन्या कोठीत माझा हात धरणारा या जिल्ह्यात कोणी नव्हता, हे साकोलीच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. काम मला येतं. तुम्ही दाराच्या पाट्या काढून नेल्या आणि आता आम्हाला म्हणता, घर सापडत कसं नाही? पवनीची गुड्डी इथे बसली आहे. तिला सांगितलं जातंय की रत्नमालाला जमतं. रत्नमालाला जमत नाही. हे सांगायला आले आहे."

"मग तुमच्या नावावरच्या नोंदी कोणी केल्या?" श्यामराव साहेबांचा आवाज बदलला होता.

मी लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

"ताई, मी विचारून राहिलो. कोणी केल्या?"

मी बोलणार नव्हतेच. पण खालच्या रांगांतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि तो खाकरा मी हजारात ओळखला असता.

"मी केल्या, साहेब. जीवन कापगते, साकोली." तो एका दमात बोलत गेला. "हिचं नाव शून्यावर दिसू नये म्हणून हिच्या नावानं आत गेलो. आन् मंग मले बाहेर पडायचं बटनच सापडलं नाही."

मग सभागृह असं फुटलं, की मला वाटलं छत खाली येतं. त्या हसण्यात एक दणदणीत आवाज उठला, सिहोऱ्याच्या कैलाशचा. "साहेब, ते बटन आमालेबी सापडत नाही! आमी तं वायरच उपटतो!"

"आमी दुसऱ्या दिवशी आदल्याच माणसाच्या नावानं काम करतो!" आणखी कोणी बोललं.

"ते वरच्या कोपऱ्यात आहे," कंपनीचा माणूस घाईने म्हणाला. "चेहऱ्याचं चित्र आहे ना, त्याच्या आत."

"तो चेहरा होय का?" कैलाश म्हणाला. "आमाले वाटलं तुमच्या मालकाचा फोटो होय, म्हणून कोणी बोट नाही लावलं!"

मग कोणाला आवरता येईना. ढग दाबला तर नोंद कुठे उडते, झाडू दाबला तर काय झाडलं जातं, आठ आठ दिवस वर गेलेली तक्रार खाली का येत नाही, जो तो उठून बोलू लागला. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच जमत नाही, म्हणून सगळे गप्प होते. गुड्डीसारखेच.

श्यामराव साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, हे मान्य केलं पाहिजे. शेवटी मला म्हणाले, "ताई, शाल तरी घ्या. हिमतीची समजा."

"नको, साहेब. आधी बटनांना नावं द्या. तोवर शाल तुमच्याचजवळ राहू द्या, आणि गुड्डीची खुर्ची तिच्याजवळ."

बटनांना नावं मिळाली. उन्हाळी धानाच्या नोंदणीच्या आधी कंपनीने मला आणि गुड्डीला बोलावून घेतलं, एकेक बटन आमच्या बाईला ऐकवलं आणि मगच कोठी पुढे पाठवली. चित्रांखाली अक्षरंही आली, ती डोळसांसाठी. जीवनला एक लेखी समज मिळाली आणि त्याचा करार नवा झाला. गुड्डी पवनीच्या टेबलावर आहे, आणि मला आता तिच्या नोंदींची धास्ती वाटते, कारण पोट्टीचा हात माझ्याहून जलद आहे. या सगळ्याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी सभागृहातून निघताना यातलं काही मला माहीत नव्हतं. त्या दिवशी माहीत होतं ते एवढंच की मी रिकाम्या हाताने गाडीत बसले आहे आणि बाबा एक शब्द बोलत नाहीत.

आत्याला मात्र राहवलं नाही. "शाल नाही तं नाही वं, पण नारळ तं घ्यायचा होता. नारळानं काय केलं होतं?"

कोणी हसलं नाही. बाबा पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. गाडीत फुलांचा वास भरला होता, झेंडूचा आणि शेवंतीचा. मला कळलं, बाबांनी घरच्या तर्फे स्टेजवर घालायला हार आणला होता. तो पिशवीतच राहिला होता. सगळ्या वस्तीला सांगून आलेला माणूस, आता परत जाऊन काय सांगणार? श्यामराव साहेबांना मी घाबरले नव्हते, पण बाबांच्या त्या गप्प बसण्याला घाबरले.

लाखनीला बाबांनी गाडी थांबवली. "चहा घेऊ," एवढंच बोलले. सगळे उतरले. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, टपरीवर भजी तळली जात होती, माणसांची गर्दी होती. मी बाकड्यावर बसायला गेले.

"बसू नको. उभी राय," बाबा म्हणाले.

"कायले?"

"उभी राय म्हणतो ना."

पिशवीचा खसखस आवाज आला. मग माझ्या गळ्यात ओला, जड हार पडला. बाबांचे हात तो सरळ करत होते. आत्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, मग टपरीवरच्या ज्या लोकांना काही माहीत नव्हतं त्यांनीही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढं काम ते चोख करतात.

चहावाल्याने गाळणी आपटली आणि विचारलं, "काय गा बाबा, पोरगी निवडून आली का?"

"नाही गा," बाबा म्हणाले. "खरं बोलून आली."

आणि त्यांचा आवाज जरासुद्धा मऊ नव्हता.